पंचापकेशरावांच्या दारातल्या आकाशगंगा

मैलापूरच्या आमच्या गल्लीत सकाळी दारापुढं कोलम घालणारा एकच पुरुष होता. कोलम म्हणजे आपली रांगोळीच, फक्त तांदळाच्या पिठाची आणि रोजची, सणाची वाट न पाहणारी. आधी ठिपके मांडायचे, मग एकाही ठिपक्याला न शिवता त्यांच्याभोवती रेघ फिरवायची, आणि ती जिथून निघाली तिथंच आणून सोडायची. सहाच्या सुमारास गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पदर खोचून ओणवलेल्या बायकांची रांग दिसे. त्या रांगेच्या मधोमध, धोतर गुडघ्यावर घेतलेले, दंडावर गोपीचंदनाच्या मुद्रा उमटवलेले पंचापकेशराव उकिडवे बसलेले असत आणि नारळाच्या करवंटीतून चिमटीनं पीठ सोडत असत.

सोडत ते काय? ठिपके नाहीत, कमळ नाही, रथ नाही. मध्ये एक पांढरा गोळा आणि त्यातून निघून गरागरा बाहेर जाणारे दोन बाक.

"अय्यय्यो, इदु एन्न कोलम?" समोरच्या मंगळम मामी ओरडत. हे कसलं मेलं कोलम, असा त्याचा अर्थ. मामींचं वय साठीच्या आसपास होतं आणि गल्लीतल्या सगळ्या उंबऱ्यांची जबाबदारी आपल्यावर आहे अशी त्यांची समजूत होती.

"आकाशगंगा," राव मान वर न करता सांगत. "आपली नव्हे. लांबची."

मी तेव्हा नुकताच पुण्याहून बदली होऊन मद्रासला आलो होतो. एकटाच होतो, आणि रावांच्या शेजारच्या घरात माडीवरची एक खोली घेऊन राहत होतो. एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. त्या मद्रासला अजून घाई माहीत नव्हती. सकाळी कॉफीच्या बिया दळल्याचा वास यायचा, दुपारी गल्ली सगळी झोपायची, आणि संध्याकाळी समुद्राचा वारा सुटला की माणसं ओट्यावर येऊन बसायची आणि जगाचा निकाल लावायची. मी पुण्याचा असल्यामुळं निकाल लावण्याची मला सवय होती. पहिल्याच आठवड्यात मी रावांना वेडे ठरवून मोकळा झालो.

पुढं कळलं ते असं. रावांच्या पत्नी अंबुजाबाई तांबरमच्या क्षयाच्या इस्पितळात होत्या. मी आलो तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. मूलबाळ नव्हतं. तिकडे ज्या दारात सकाळी कोलम नाही त्या घरात काहीतरी अशुभ घडलंय, असं समजतात. त्या इस्पितळात गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मंगळम मामी पिठाचा डबा घेऊन रावांच्या दाराशी आल्या. रावांनी हात जोडले.

"नक्को मामी. दुसऱ्याच्या हातचं कोलम पडलं मणजे ह्या घरात बाई नाही असं होतं. ह्या घरात बाई आहे. तांबरमला आहे."

आणि ते स्वतः बसले. ठिपके नीट पडले, पण रेघ काही जिथून निघाली तिथं परत येईना. महिनाभर त्यांनी झटून पाहिलं. त्यांच्या हाताला वळण एकच होतं, बाहेर जाणारं. मग एकदा माउंट रोडवरच्या एका वाचनालयात एका जाड इंग्रजी पुस्तकात त्यांना हुबेहूब आपलं फसलेलं कोलम छापलेलं दिसलं. खाली लिहिलं होतं की ही एक आकाशगंगा असून तिच्यात अब्जावधी तारे आहेत. राव ते पुस्तक घेऊन घरी आले. खगोलशास्त्राकडं माणसं निरनिराळ्या वाटांनी येतात, रांगोळी चुकल्यामुळं आलेला दुसरा माणूस मला ठाऊक नाही.

पंचापकेशराव तंजावरचे मराठी. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी घराणं तिकडं गेलेलं. घरात मराठी बोलत, पण त्या मराठीला तमिळ चाल लागलेली, आणि मध्येच एखादा शब्द असा निघे की तो मी फक्त जुन्या बखरीत वाचलेला असे. मी पुणेरी उदारपणानं एकदा त्यांना म्हणालो, "तुमचं मराठी गोड आहे हो, पण जरा जुनाट वाटतं."

"जुनं आहेच की," ते म्हणाले. "लांबच्या आकाशगंगेचा उजेड आज पोचला तरी निघालेला असतो केव्हाचा. ती आज कशी आहे ते कुणास दिसत नाही, तेव्हा कशी होती ते दिसतं. तुमी मज पाहता मणजे तुमच्या खापरपणजोबास पाहता. नमस्कार करा."

त्यानंतर मी त्यांच्या मराठीबद्दल बोललो नाही.

रावांची नोकरी रेल्वेच्या वेळापत्रकाच्या कचेरीत. तिथं गाड्यांचे तक्ते आखत. मोठा चौकटींचा कागद, आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ. रेघ जितकी उभी तितकी गाडी वेगवान. तीस वर्षं हेच केल्यामुळं जगात जे जे हलतं त्याची एक रेघ असलीच पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा झाली होती. आकाशगंगा एकमेकींपासून दूर चालल्या आहेत, आणि जी जितकी लांब तितकी ती जास्त वेगानं दूर जाते, हे वाचल्यावर त्यांनी ताबडतोब तक्ता केला. तो त्यांच्या बाहेरच्या खोलीत टांगलेला होता. तळाशी मद्रास बीच स्टेशन, त्याच्यावर तांबरम, त्याच्यावर आपली आकाशगंगा, आणि अगदी वरच्या कडेला विश्वाचा दिसणारा शेवट. मध्ये दुसरं स्टेशन नाही.

"तांबरमनंतर गाडी कुठंच थांबत नाही?" मी विचारलं.

"कशाला थांबेल?" राव म्हणाले. "पुढं कुणाचं माणूस आहे?"

माणसांची वर्गवारीही त्यांनी पुस्तकाप्रमाणं केली होती. काही आकाशगंगा अंड्यासारख्या गोलसर असतात. काही चक्राकार, हात पसरलेल्या. आणि काही बेढब, कुठल्याच आकारात न बसणाऱ्या. मंगळम मामी अंडाकृती. "जुने तारे, नवं काही जन्मत नाही, पण वजन प्रचंड." कचेरीतला मोठा साहेब चक्राकार, कारण त्याचे हात सगळीकडं पोचतात. मी बेढब. मी विचारलं, का. "तुमचं केंद्र कुठं ते सापडत नाही," ते म्हणाले. हे विधान त्यांनी कसलाही द्वेष न ठेवता केलं, म्हणून ते जास्त लागलं.

मामींशी त्यांचा एक वाद वर्षभर चालला. मामींचं म्हणणं, कोलमचे हात उलटे वळतात, असे वळले की लक्ष्मी घराबाहेर जाते. रावांचं म्हणणं, आकाशगंगा फिरते तेव्हा हात मागं ओढले जातात, बस गेली की तिच्यामागं धूळ ओढली जाते तसे. मामी म्हणत, हात नेहमी पुढं असतात, मागं असते ती शेपटी. फिरण्याच्या मानानं हात पुढं की मागं, ह्यावर परदेशातल्या वेधशाळांतही थोरामोठ्यांची बरीच वर्षं जुंपली होती, असं मी नंतर वाचलं. त्यांच्या पुराव्याविषयी मला काही म्हणायचं नाही. पण मामींचा आवाज त्यांच्यापैकी कुणाला नसावा.

आमच्या भागात मराठी मंडळींची एक सभा होती. वर्षातून एकदा तिथं 'विद्वत्तापूर्ण' व्याख्यान होत असे. कार्यक्रमपत्रिकेत तसंच छापलेलं असे, व्याख्यान व्हायच्या आधीच. अध्यक्ष ठरलेले, एक निवृत्त मॅजिस्ट्रेट. मद्रासच्या उन्हाळ्यात काश्मिरी शाल पांघरून बसण्याचा त्यांचा पराक्रम मला व्याख्यानापेक्षा जास्त थक्क करी. मी आल्याच्या वर्षी व्याख्याते पंचापकेशराव. विषय, 'आकाशगंगांचं बाल्य, यौवन आणि वार्धक्य.'

अध्यक्षांनी प्रास्ताविकाला चाळीस मिनिटं घेतली. त्यात आकाशगंगा आल्या नाहीत, ते स्वतः बऱ्याचदा आले. मग राव उठले. काळा कोट, जरीच्या काठाची पगडी, हातात काठी. त्यांनी सांगितलं की आकाशगंगा जन्मते तेव्हा गोल असते. फिरता फिरता चपटी होते. मग तिला हात फुटतात. हात हळूहळू सैल होतात, पसरतात, आणि शेवटी सगळं विस्कटून जातं. ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास. एका आकारातून दुसरा, क्रमानं, वेळापत्रकाप्रमाणं.

टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी समारोपात हे सगळं आपल्या ऋषींना माहीत होतं असं जाहीर केलं. मला त्या ऋषींची नेहमी दया येते. कुणीतरी काहीतरी शोधून काढेपर्यंत त्यांना गप्प बसावं लागतं.

रावांची आणखी एक सवय होती. संध्याकाळी कचेरीतून आले की कोट न काढता ते दारात सकाळच्या कोलमापाशी बसत. दिवसभरात त्याच्यावरून सायकली, पावलं, गाय, हातगाडी असं काय काय गेलेलं असे. राव वीत लावून मोजत, वाकून पाहत, आणि एका लांबट वहीत लिहीत. "वायव्य हात सायकलीनं दीड वीत ओढला. दुधवाला. सकाळी घाईत होता." "केंद्रावर गाय उभी राहिली. केंद्र चपटं." "आग्नेयेस लहान पावलं, सात. मामींकडं नातवंडं आलीत."

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"निरीक्षण."

"आकाशगंगांचं?"

"दुसरं काय आहे दारात?"

मी माडीवर जाऊन मनसोक्त हसलो. वही भरली की ते नवी आणत. दर रविवारी दुपारी ते तांबरमला जात तेव्हा दह्यात कालवलेल्या डांगराची डबी, दुधाचा थर्मास आणि ती वही अशा तीन गोष्टी पिशवीत असत. वही कशाला, असं मला कधी वाटलं नाही. माणूस वेडा ठरवला की प्रश्न पडत नाहीत, तेवढं एक सुख असतं.

एका सोमवारी ते माझ्या माडीवर आले. त्यापूर्वी कधी आले नव्हते. खुर्ची दिली तर उभेच राहिले.

"डॉक्टर ऑपरेशन मणतात," ते म्हणाले. "डाव्या बाजूच्या बरगड्या काढायच्या. मग ते फुफ्फुस दबून मिटतं, आतली जखम बुजते. एक लाइन बंद करायची, दुसरीवर गाड्या चालवायच्या. सिंगल लाइन वर्किंग. आमच्याकडं अरक्कोणमच्या अंगास पावसाळ्यात करतात."

"मग करून घ्या की."

"उशीर झाला तर उजवंही धरेल मणतात."

"मग तर लगेच."

"ती नको मणते." ते खिडकीबाहेर पाहत होते. "खांदा उतरतो त्यानं. पाठ वाकडी होते. ती मणते, सरळ आलेय, सरळच जाईन."

मी अंबुजाबाईंना पाहिलेलं नव्हतं, पण मामींकडून ऐकलं होतं. गल्लीत सगळ्यांत ताठ बाई. डोक्यावर पाण्याची घागर घेऊन येताना थेंब सांडायचा नाही. "ध्वजस्तंभ," मामी म्हणायच्या आणि देवळाच्या दिशेला बोट करायच्या. कोलम घालताना इतर बायका दहादा उठून पाहत. अंबुजाबाई एकदा वाकत आणि काम संपवून एकदाच उभ्या राहत.

"तुम्ही समजावा ना त्यांना," मी म्हणालो.

राव माझ्याकडं असे पाहू लागले, जणू मी त्यांना त्याच खिडकीतून उडी मारायला सांगितलं होतं. बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला नावानं हाक मारली नव्हती. तशी कुणीच मारत नसे. 'इकडं पाहा', 'ऐकलं काय' एवढ्यावर संसार होत. त्यांचं बोलणं भाजी, पाहुणे, एकादशी आणि रेल्वे ह्यांच्या पलीकडं कधी गेलंच नव्हतं.

"समजावतो," ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

त्यानंतर त्यांच्या दारातली आकाशगंगा बदलली. आता ती सरळ नसायची. एक बाजू खाली ओघळलेली, एक हात लांब ओढलेला, कधी दोन गोळे जवळजवळ आणि त्यांच्यामध्ये पिठाची बारीक वाट. मामी म्हणाल्या, बिचाऱ्याचा हात थरथरायला लागला. हात थरथरत नव्हता. ते वाचनालयातून मासिकं आणत होते आणि त्यातल्या वाकड्यातिकड्या आकाशगंगांचे फोटो पाहून कापडावर मोठी चित्रं रंगवत होते. रंगवताना पहिल्यांदाच मला त्यांच्या तोंडून शिव्या ऐकू आल्या. त्याही जुन्या होत्या.

दुसऱ्या वर्षी व्याख्यानाला दुसरा वक्ता ठरला होता, पण तो आजारी पडला आणि रावांनी आपणहून नाव दिलं. अध्यक्ष खूश. गेल्या वर्षीच्या ऋषींचा पुढचा हप्ता मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी.

राव उठले आणि म्हणाले, "गेल्या वर्षी मी येथे सांगितलो ते चूक आहे."

आमच्या सभेत चूक पुष्कळांनी केली होती, कबूल करणारा हा पहिलाच.

"गोल आकाशगंगा हे लेकरू, आणि चक्राकार ही बाईमाणूस, असं मी मणालो. पण गोलात भरलेत ते म्हातारे तांबूस तारे. आणि चक्राच्या हातात कोवळे निळे तारे. लेकराच्या अंगात म्हातारं रक्त कुठनं येईल? मणजे आश्रम नाहीत. क्रम नाही. आकार वयानं येत नाही." त्यांनी कापड उलगडलं. "ही पाहा वाकडी. हिच्याशेजारनं दुसरी गेली. टक्कर नाही. ताऱ्यांत इतकी रिकामी जागा की एक दुसरीतनं पार होईल, तारा ताऱ्यास शिवणार नाही. पण ओढ लागते. ओढीनं अंग वाकतं. जवळनं कुणी गेलं, काही भोगलं, मग तोच आकार राहत नाही. वाकडी झाली मणून ती आकाशगंगा नव्हे, असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. मी सगळी पाहिलो."

"पण राव," अध्यक्ष शाल सावरत म्हणाले, "मग आपल्या ऋषींचं काय?"

"त्यांना मी विचारलो नाही," राव म्हणाले आणि खाली बसले.

टाळ्या पाच-सहा पडल्या. बाहेर पडताना लोक म्हणाले, बायकोच्या आजारानं डोकं गेलं. माझंही मत फारसं निराळं नव्हतं. फक्त एक गोष्ट मला टोचत होती. इतकं तळमळून ते बोलले, आणि बोलताना एकदाही त्यांनी समोरच्या माणसांकडं पाहिलं नव्हतं.

त्या रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. "पुण्याचे, रिकामे आहात काय? कापड धरायला दोन माणसं लागतात."

आम्ही मांबळम स्टेशनवर बसनं गेलो आणि तिथून विजेच्या गाडीनं तांबरमला. रावांनी मांडीवर कापडाची गुंडाळी आडवी धरलेली. शेजारच्या माणसाच्या बरगड्यांत तिचं टोक जात होतं आणि तो माणूस सहन करत होता. त्या काळी लोक सहन करत.

वॉर्ड लांबलचक, एका बाजूनं सगळा उघडा, समोर चिंचेची झाडं. तीसेक खाटा. शेवटून तिसऱ्या खाटेवर उशीला टेकून एक बाई बसल्या होत्या. हडकुळ्या, पण पाठ अशी सरळ की उशी नुसती शोभेला ठेवल्यासारखी. त्यांनी माझ्याकडं, म्हणजे माझ्या पायांकडं पाहिलं.

"हेच काय पुण्याचे? उजवा पाय घासून चालणारे?"

मी खाली पाहिलं. उजवी चप्पल जास्त झिजलेली होती. मला हे आजवर माहीत नव्हतं.

"आठला निघता, साडेसहाला परतता," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी उशीर. मागल्या महिन्यात दोन दिवस निघालाच नाहीत. ताप होता?"

"होता."

"मज वाटलंच. दुधवाल्याच्या सायकलीचं मागलं चाक दुरुस्त केलं काय हो त्यानं? नागमोडी जायचं."

तेव्हा मला त्या वह्या कळल्या. मी माडीवर जाऊन ज्याला हसत होतो ते निरीक्षण दर रविवारी इथं वाचलं जात होतं. दारावरून कोण गेलं, कुणाकडं नातवंडं आली, कोण घाईत होतं, गाय कुठं उभी राहिली, सगळं. दोन वर्षं ह्या बाई तांबरमच्या खाटेवर बसून मैलापूरच्या आपल्या उंबऱ्यात राहत होत्या.

रावांनी मला कापडाचं एक टोक दिलं आणि दुसरं स्वतः धरलं. आसपासच्या खाटांवरच्या बायका सरसावून बसल्या. त्यांना ह्याची सवय असावी.

"ही पाहा," राव म्हणाले. सभेतला खणखणीत आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "आधी गोल होती. आता डावा भाग असा उतरला."

"वाकडी झाली," बाई म्हणाल्या.

"झाली. पण फिरते की. थांबत नाही. ह्या उतरलेल्या भागात निळे तारे दिसतात. मणजे नवे. अजून होतात."

"इतकी वाकडी, तिला पाहतं कोण?"

"मी पाहतो," राव म्हणाले.

बाईंनी पांघरुणाची घडी सरळ केली. मग त्या हळू म्हणाल्या, "इतके महिने ऐकते मी. वाकडी आकाशगंगा, उतरलेली आकाशगंगा. त्या बापडीला मधे कशाला घालता? काय मणायचं ते मज मणा."

राव गोंधळले. ते कापड गुंडाळू लागले. दुसरं टोक माझ्या हातात घट्ट, त्यामुळं गुंडाळत गुंडाळत ते माझ्यापर्यंत आले आणि आम्ही नाकासमोर नाक असे उभे राहिलो. पुढं गुंडाळायला काही उरलं नव्हतं. एवढ्या जवळून मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. दाढीचे खुंट वाढलेले, एका कानाच्या पाळीला तांदळाचं पीठ. बायकोकडं त्यांची पाठ होती. ते माझ्या तोंडाकडं पाहत म्हणाले,

"अंबुजा, माझ्या एकल्याच्यानं होत नाही."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी एकदम पदर तोंडाला लावून बसली. नवरा बायकोला नावानं हाक मारतो, तीही भर वॉर्डात, परक्या पुरुषादेखत, हे तिनं उभ्या आयुष्यात ऐकलं नसावं. मी कापड सोडून द्यायला हवं होतं, पण ते धरूनच उभा राहिलो.

अंबुजाबाईंनी मान वळवून आपल्या डाव्या खांद्याकडं पाहिलं, एखाद्या शेजारणीकडं पाहावं तसं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या,

"पुण्याचे, मंगळम मामींना एक निरोप द्याल? दोन चोळ्या नव्या बेतायला सांगा. डावा खांदा उतरता बेता मणावं."

ऑपरेशन झालं. एकदा नाही, दोनदा. त्या दिवसांत रावांच्या दारातली आकाशगंगा मात्र चुकली नाही, आणि संध्याकाळचं मोजमापही नाही. त्यांना उशीर होई तेव्हा कोलमावरून कोण गेलं ते मी लिहून ठेवी. मी आता पाय उचलून चालायचा प्रयत्न करत होतो. राव म्हणाले, तसं करू नका, तिला चुकल्यासारखं होईल.

चारपाच महिन्यांनी अंबुजाबाई टॅक्सीतून घरी आल्या. खांदा उतरला होता. पाठीला बाक होता. गल्ली सगळी दारात उभी होती. मामी पुढं झाल्या, चोळीची शिवण दोन बोटांनी ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "नीट बसली," आणि रडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या. राव नेहमीसारखे दारात उकिडवे. त्यांनी गोळा केला, हात काढले, हात मागं ओढले. अंबुजाबाईंनी हे प्रकरण ऐकलं पुष्कळ होतं, पाहत पहिल्यांदाच होत्या. थोडा वेळ त्या निरखत राहिल्या आणि मग एकदम हसू लागल्या. हसताना दुखायचं, म्हणून एक हात कुशीवर दाबून हसत होत्या.

"हे? अडीच वर्षं मज सांगत होता ते हे? अहो, ही चकली आहे!"

"आकाशगंगा आहे," राव दुखावून म्हणाले.

"पुसा. ठिपके मांडा. मी सांगते."

ऑक्टोबरचा सुमार असेल, सभेचे चिटणीस पुढच्या व्याख्यानाचं आमंत्रण घेऊन आले. मी ओट्यावर होतो. राव दारात गुडघ्यांवर, सगळं अंग पिठानं माखलेलं, आणि वरून खुर्चीतून आवाज येत होता, "डावीकडं. डावीकडं मणते! तो ठिपका कुणासाठी सोडला? तीस वर्षं रेघा काय ओढल्या कचेरीत?"

चिटणीसांनी खाकरून विचारलं, पुढच्या खेपेला आकाशगंगांवर काही नवीन सांगाल काय?

राव मान वर करून त्यांच्याकडं पाहत राहिले. मला वाटलं, त्यांना विषय आठवत नाहीय.

"सवड होत नाही हो," ते म्हणाले. "घरात माणसं आहेत."